कियांतीतल्या घरगुती वाइनरीत: आधी तेल चाखा, मग वाइन

इटलीतल्या टस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्यांवर, कियांती क्लासिको या वाइनचा पट्टा आहे. ग्रेव्हे, पांझानो, राद्दा, गायोले, कास्तेल्लिना ही त्यातली ठळक गावं. पाच-दहा हेक्टर द्राक्षबाग, बांधाबांधाने लावलेली काहीशे ऑलिव्हची झाडं, घराखाली तळघर, आणि घरच्या माणसांनी हंगामी मजुरांना सोबत घेऊन चालवलेलं काम, अशा वाइनऱ्या इथे बऱ्याच आहेत. पाहुण्यांना त्या वाइन आणि तेल दोन्ही चाखायला देतात. पण टेबलावर वाइनचे चार-पाच ग्लास थाटात मांडलेले असतात आणि तेल ब्रेडबरोबर एका बशीत, तोंडी लावणं म्हणून येतं. हा क्रम उलटा व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. तेल आधी, ब्रेडशिवाय, स्वच्छ जिभेवर, वाइन त्यानंतर. सांजोवेझे द्राक्षाच्या वाइनमधले टॅनिन, म्हणजे तुरट घटक, जिभेवर बसले की तेलातला कडूपणा नीट कळत नाही, आणि तेल तर ब्रेडमध्ये जिरल्यावर जवळजवळ सगळे दोष लपवतं. बुकिंग करतानाच तसं सांगून ठेवलं, तर घरची माणसं आनंदाने तयारी करतात. तेलाबद्दल कुणी आपणहून विचारणं त्यांच्याकडे क्वचितच घडतं.

कधी जायचं हे तेलावरून ठरवा. वाइन वर्षभर सारखीच मिळेल, तेल मिळणार नाही. द्राक्षांची काढणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. त्या काळात लहान घरांना पाहुण्यांसाठी वेळ नसतो, आणि मिळाला तरी एक कान तळघराकडे असतो. ऑलिव्हची काढणी ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन नोव्हेंबरभर रेंगाळते. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात चांगला वाटतो. टाक्यांमधली खळबळ निवलेली असते, बागेची पानं पिवळी-तांबूस झालेली असतात आणि घाण्यातून नुकतंच आलेलं तेल चाखायला मिळतं. ऑगस्टमध्ये गेलात तर तेच तेल नऊ-दहा महिन्यांचं असतं. चांगलं असेलही, पण त्याचा हिरवा उग्रपणा उतरलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी अनेक घरं पाहुणे घेत नाहीत.

बुकिंगशिवाय जाऊ नका. आठ-दहा दिवस आधी ईमेल करा आणि सकाळी साडेदहा-अकराची वेळ मागा. त्या वेळी नाक ताजं असतं आणि शेवटी जेवणही उरकतं. माणशी साधारण २० ते ४० युरो पडतात. चार गोष्टी आधी लिहून कळवा: किती जण, त्यात न पिणारे किती, मुलं किती आणि शाकाहारी किती. शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या पाहुण्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. नेहमीच्या ताटात सलामी आणि प्रोश्युत्तो (मुरवलेलं डुकराचं मांस) असतंच, पण चटणीसारखा दिसणारा तपकिरी लेप लावलेले ब्रेडचे तुकडेही असतात. ते क्रोस्तिनी नेरी, म्हणजे कोंबडीच्या कलेजीचा लेप. पेकोरिनो चीजमध्ये बहुतेक वेळा प्राण्यांपासून मिळणारं रेनेट (दूध फाडणारा घटक) असतं, त्यामुळे जे ते टाळतात त्यांनी तसं स्पष्ट लिहावं. आधी कळलं तर कान्नेल्लिनीची, म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळ, भाजलेल्या भाज्या, टोमॅटो घातलेला ब्रेड असं बरंच काही मिळतं. इटलीत १८ वर्षांखालच्यांना वाइन देत नाहीत. न पिणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी नुसती तेलाची चाखणी मागा. ती पूर्ण अनुभव देते, आणि मुलांची चव मोठ्यांपेक्षा पुष्कळदा तल्लख निघते.

त्या सकाळी अत्तर, सुगंधी तेल, हाताला लावायचं वासाचं क्रीम टाळा. चाखणीआधीच्या तासाभरात कॉफी, पुदिन्याची गोळी, बडीशेप, वेलची, सुपारी यांपैकी काही नको. पोट रिकामं ठेवू नका. साधा ब्रेड किंवा फळ पुरे.

गाडीचं गणित घरूनच करून निघा. फ्लॉरेन्सहून ग्रेव्हे सुमारे ३० किलोमीटर आहे, पण एसआर २२२ हा रस्ता वळणावळणाचा आहे, त्यामुळे पाऊण ते एक तास धरा. बस ग्रेव्हेपर्यंत येते. वाइनऱ्या मात्र गावाबाहेर, कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर असतात आणि टॅक्सी ऐनवेळी सापडत नाही. इटलीत चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. पाच वाइनचे प्रत्येकी ५० मिलिलिटर म्हणजे २५० मिलिलिटर, बाटलीचा तिसरा हिस्सा. १४ टक्क्यांच्या वाइनमधून तेवढ्यात २७-२८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. हलक्या वजनाच्या माणसाला मर्यादा ओलांडायला ते पुरेसं आहे. एकतर चालकाने प्रत्येक घोट थुंकायचा, किंवा गाडीसह चालक ठरवायचा. टेबलावर थुंकण्याचं भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. त्यात यजमानाचा अपमान नाही. तो स्वतः दिवसभर तेच करतो.

पोचल्यावर आधी बागेत नेतात. पायाखालची जमीन बघा. पातळ पापुद्र्यांचा, हातात चुरणारा करडा दगड म्हणजे गालेस्त्रो. पांढरट, कठीण चुनखडीचा दगड म्हणजे आल्बेरेझे. दोन्हींमधून पाणी झरझर निघून जातं, म्हणून वेलीची मुळं खोल जातात आणि द्राक्षं बारीक राहतात. कडेला विजेच्या तारेचं कुंपण दिसलं तर हात लावू नका. रानडुकरं आणि हरणं पिकलेले घड फस्त करतात म्हणून ते असतं. नाशिककडचे बागायतदार सोबत असतील तर त्यांना लगेच जाणवेल की इथे छाटणी एकदाच, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना होते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असा आपला दुहेरी हिशोब इथे नाही. शत्रू मात्र तेच, केवडा आणि भुरी हे रोग. २०२३ च्या ओल्या वसंतात केवड्याने मध्य इटलीतल्या बागांचं मोठं नुकसान केलं. सेंद्रिय बाग असेल तर तांब्याच्या फवारणीलाही युरोपीय मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. “त्या वर्षी किती फवारण्या केल्या आणि किती माल हाती लागला?” हा प्रश्न विचारा. घरच्या माणसाला आकडे तोंडपाठ असतात आणि त्यापुढचं बोलणं आपोआप खुलतं. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळही सांजोवेझे लावलेलं आहे. तिथल्या फ्रातेल्ली वाइनरीत मोहिते-पाटील बंधूंबरोबर इटालियन भागीदार आहेत आणि तिथली वाइन ज्यांनी घडवली ते पिएरो मासी टस्कनीचे. तिथली वाइन ज्यांनी चाखली असेल त्यांना तेच द्राक्ष थंड टेकडीवर कसं वागतं हे ताडून बघता येईल.

ऑलिव्हची झाडं बघताना एक गोष्ट नक्की शोधा. एकाच बुंध्यातून तीन-चार खोडं फुटलेली झाडं जागोजाग दिसतील. जानेवारी १९८५ मध्ये टस्कनीत इतकं गोठलं की फ्लॉरेन्सजवळ पारा उणे २० च्याही खाली गेला. लाखो ऑलिव्ह जळले, जमिनीलगत कापावे लागले, आणि मुळातून नवे फुटवे आले तीच आजची झाडं. फ्रांतोयो, मोरायोलो, लेच्चिनो आणि परागीभवनासाठी लावलेलं पेंदोलिनो या इथल्या मुख्य जाती. चांगल्या वर्षी झाडामागे १० ते २० किलो फळ मिळतं. १०० किलो फळातून १२ ते १६ लिटर तेल निघतं. म्हणजे एका झाडाचं वर्षाचं तेल अर्ध्या लिटरच्या दोन ते सहा बाटल्यांत संपतं. अर्धा लिटरला १२ ते २० युरो का पडतात, याचं उत्तर या हिशोबात आहे. वाईट वर्षी तर तेवढंही हाती येत नाही. २०१४ मध्ये ऑलिव्हच्या माशीने असा धुमाकूळ घातला की कित्येकांनी काढणीच सोडून दिली. माशी फळात अंडी घालते, अळी गर पोखरते, आणि त्या फळाचं तेल आंबूस निघतं.

आता घाण्याकडे. प्रत्येक घराचा स्वतःचा घाणा नसतो, बरेच जण वेळ ठरवून सामायिक घाण्यावर माल नेतात. विचारायचं ते एवढंच: काढल्यापासून किती तासांत दळता? २४ तासांच्या आत असेल तर ठीक, त्याच दिवशी असेल तर उत्तम. फळं पोत्यात किंवा ढिगात पडून राहिली की आतल्या आत तापतात, आंबतात, आणि तो वास तेलातून पुढे कधीच जात नाही. म्हणून ती भोकं असलेल्या उथळ क्रेटमध्ये नेतात. घाण्यावर पानं काढून फळं धुतात, बियांसकट चिरडतात, आणि तो लगदा २० ते ४० मिनिटं हळूहळू मळतात, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकत्र येतात. लेबलवर ‘थंड पद्धतीने काढलेलं’ लिहायचं तर युरोपीय नियमानुसार तापमान २७ अंशांच्या आत ठेवावं लागतं. जास्त उष्णता दिली, जास्त वेळ मळलं तर तेल थोडं अधिक सुटतं, पण सुगंध उडतो. मग आडव्या सेंट्रिफ्यूजमध्ये चोथा, पाणी आणि तेल वेगळं होतं आणि शेवटी गाळणी होते. लाकडी घाण्याच्या तेलावर आपला जीव आहे, म्हणून दगडी जातं आणि चटयांचा दाब बघायला मिळाला की आपल्याला तेच अस्सल वाटतं. ऑलिव्हच्या बाबतीत मी पोलादी बंद यंत्राच्या बाजूने आहे. दगडाखाली लगद्याला हवा लागत राहते, आणि चटयांच्या धाग्यांत अडकलेला जुना गर कितीही धुतला तरी आंबतो.

चाखणीची रीत अशी. लहान ग्लासात १५ मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर तेल घ्या. अधिकृत परीक्षक गडद निळा ग्लास वापरतात, कारण रंगावरून प्रतीचा काहीही अंदाज बांधता येत नाही. हिरवंगार तेल वाईट आणि सोनेरी तेल उत्कृष्ट असू शकतं. ग्लास एका तळव्यात धरा, दुसऱ्या तळव्याने झाका आणि मिनिट-दोन मिनिटं फिरवत ऊब द्या. २८ अंशांच्या आसपास सुगंध मोकळा होतो. झाकण काढून लगेच खोल वास घ्या. ताजं कापलेलं गवत, टोमॅटोची पानं, आर्टिचोक, कच्चा बदाम यांपैकी काही ना काही जाणवलं पाहिजे. मग छोटा घोट घ्या, जिभेभर पसरवा, दात मिटून त्यांच्या फटींतून दोनदा झटक्याने हवा आत ओढा आणि गिळा. कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला येतो. तिखटपणा त्यानंतर काही सेकंदांनी घशात चढतो, आणि ताज्या तेलाने ठसका लागतो.

हा ठसका लागला की पाहुणे बिचकतात, तेल बिघडलंय असं त्यांना वाटतं. खरं तर ती ताजेपणाची खूण आहे. घसा जाळणाऱ्या घटकाचं नाव ओलिओकॅन्थाल. तो आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधासारखा दाह कमी करणारा परिणाम प्रयोगशाळेत दाखवतो, असं २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. तेल जुनं होत जातं तसा हा जोर ओसरतो. दोष ओळखायला मात्र मराठी घरात वाढलेल्या माणसाला शिकवणीची गरज नाही. जुन्या शेंगदाण्यांसारखा वास म्हणजे खवट; हवा, उजेड किंवा वय. बंद खोलीतल्या ओलीचा वास म्हणजे कुबट, बुरशी लागलेलं फळ. ताडी-व्हिनेगरची आठवण झाली तर आंबूस, ढिगात तापलेलं फळ. यांतला एकही वास स्पष्ट आला, तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, ते तेल एक्स्ट्रा व्हर्जिन नाही. नियमाप्रमाणे मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत हवीच, शिवाय परीक्षक मंडळाला दोषही शून्य सापडायला हवेत. तीनपेक्षा जास्त तेलं सलग चाखू नका. मध्ये सफरचंदाची फोड खा आणि पाणी प्या. सगळं झाल्यावर ब्रेड येऊ द्या. टस्कनीचा ब्रेड बिनमिठाचा असतो, तो भाजून, लसूण चोळून, वर तेल आणि मीठ घातलं की झाली फेत्तुंता. नव्या तेलाचा खरा आनंद तिथे आहे.

दहा-पंधरा मिनिटं पाणी आणि थोडा ब्रेड घेऊन जीभ कोरी करा, मग तळघरात उतरा. पायऱ्या उतरतानाच वास घ्या. ओलं लाकूड आणि वाइनचा वास हवा. एखाद्या पिंपाजवळ व्हिनेगरचा झोत आला तर देखरेख कमी पडते आहे. पिंपांतून वाइन हळूहळू उडून जाते, वर हवेची पोकळी होते आणि त्या हवेत व्हिनेगरचे जिवाणू वाढतात, म्हणून पिंपं वरचेवर काठोकाठ भरत राहावी लागतात. ती कोण भरतं आणि किती दिवसांनी, हे विचारा. २,००० ते ५,००० लिटरची मोठी पिंपं आणि २२५ लिटरची ‘बॅरिक’ नावाची लहान पिंपं यांतला फरकही तिथेच समजून घ्या. लहान पिंपात लाकडाचा स्पर्श जास्त, म्हणून व्हॅनिला-मसाल्याचा वास वाढतो आणि सांजोवेझेचा नाजूक गंध दबतो. मला मोठ्या जुन्या पिंपातली जास्त आवडते.

उत्पन्नाचा हिशोब इथेही करून बघा. कियांती क्लासिकोला हेक्टरी ७.५ टन द्राक्षांची मर्यादा आहे, म्हणजे जास्तीत जास्त सात हजार बाटल्या. आठ हेक्टरवालं घर छप्पन हजारांच्या पुढे जाऊच शकत नाही. बाटलीवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असेल तरच ती क्लासिको. नुसतं ‘कियांती’ लिहिलेली वाइन आसपासच्या मोठ्या प्रदेशातून येते आणि तिचे नियम वेगळे आहेत. क्लासिकोमध्ये किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं आणि २००६ पासून पांढरी द्राक्षं मिसळायला बंदी आहे. साधी वाइन किमान १२ महिने, रिझेर्वा २४ महिने आणि ग्रान सेलेत्सियोने ३० महिने मुरवलेली असते. ही शेवटची पायरी २०१४ मध्ये बाजारात आली आणि तिच्यासाठी द्राक्षं स्वतःच्याच बागेतली असावी लागतात.

चाखताना याच क्रमाने जा. ग्लास दांडीला धरा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग बघा. सांजोवेझे काळपट नसतं, पलीकडची बोटं दिसतात. न हलवता वास घ्या, मग फिरवून घ्या. आंबट चेरी, व्हायोलेट, सुकं गवत; जुन्या वाइनमध्ये चामडं. गोडसर वाइनची सवय असेल तर पहिला घोट आंबट आणि तुरट लागेल. लगेच मत बनवू नका. पेकोरिनोचा तुकडा किंवा उसळीचा घास खाऊन पुन्हा प्या. प्रथिनं आणि स्निग्धता टॅनिनला धरतात आणि तुरटपणा मवाळ होतो. ही वाइन जेवणासाठीच घडवलेली आहे. पुठ्ठा भिजल्यासारखा वास आला तर बुच बिघडलेलं आहे. संकोच न करता सांगा, दुसरी बाटली उघडतील. उन्हाळ्यात अंगणात २८ अंशांवर ओतलेली तांबडी वाइन नुसती अल्कोहोलची लागते, तेव्हा बर्फाची बादली मागून ती १६ ते १८ अंशांवर आणा.

शेवटी विन सांतो, ही सहसा गोड वाइन. त्रेब्बियानो आणि माल्वाझियाचे घड चटयांवर किंवा टांगून हिवाळाभर सुकवतात, पिळतात, आणि रस लहान पिंपांत भरून, बुच सील करून माळ्यावर ठेवतात. तळघरात नव्हे, माळ्यावर. उन्हाळ्याची भट्टी आणि हिवाळ्याची गोठण दोन्ही त्याला हवी असते. तीन-चार वर्षं कुणी उघडत नाही. माळा दाखवा म्हणून आवर्जून सांगा. सगळ्यांना तो दाखवत नाहीत, मागितल्यावर सहसा नाहीही म्हणत नाहीत.

विकत घेताना वाइनवर वर्ष असतंच, तेलावर काढणीचं वर्ष शोधा. ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ ही तारीख सहसा बाटलीत भरल्यापासून मोजलेली असते, फळ कधी काढलं ते ती सांगत नाही. नोव्हेंबरमधलं न गाळलेलं, ढगाळ तेल चवीला अप्रतिम असतं, पण त्यातला गर आणि पाणी तळाशी बसून आंबतं. ते दोन-तीन महिन्यांत संपवणार असाल तरच घ्या, नाहीतर गाळलेलं घ्या. पाच लिटरच्या डब्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या गडद बाटल्या किंवा छोटे डबे चांगले. उघडलं की महिना-दीड महिन्यात संपलं पाहिजे.

भारतात येताना माणशी २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० च्या दोन वाइन आणि विन सांतोची ५०० ची बाटली, हिशोब बरोबर जुळतो. तेल यात मोजलं जात नाही, पण वजन आणि फुटण्याची भीती आहेच, म्हणून पत्र्याचा डबा आणा. सगळं चेक-इनच्या सामानात, कपड्यांत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. घरी तेल गॅसच्या ओट्याजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार, अंधारी जागा शोधा. फ्रिजमध्ये ते गोठून पांढरं पडलं तर घाबरू नका, बाहेर काढल्यावर पूर्ववत होतं. आणि गोठणं किंवा न गोठणं ही शुद्धतेची परीक्षाही नव्हे. वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवून प्रवासानंतर दोन आठवडे तरी स्वस्थ पडू द्या. तेल मात्र आल्या संध्याकाळीच उघडा, गरम वरण-भातावर कच्चंच घाला.